गांजाच्या जातींच्या नावांना खरंच काही अर्थ असतो का?

कलमबाग (धागाकर्ता)

मंडळी, विषय जरा वेगळा आहे म्हणून आधीच सांगतो, कुठे मिळतं, कोण देतं असलं काही इथे विचारायचं नाय आणि कुणी सांगायचंही नाय. प्रश्न झाडाचा आणि त्याच्या नावाचा आहे.

आमची मालवणजवळ आंबा-काजूच्या कलमांची नर्सरी, वडिलांपासूनची. भाचा ओंटारियोत परवाना असलेल्या ग्रीनहाऊसमध्ये कामाला आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर, त्यामुळे तिकडे ही सरळ नोकरी आहे, पगार, पीएफसारखं सगळं. तो अधूनमधून पाकिटांचे फोटो पाठवतो. ब्लू ड्रीम, सावर डिझेल, नॉर्दर्न लाइट्स, वेडिंग केक, व्हाइट विडो, संपतच नाहीत. मी त्याला विचारलं की अरे ही सगळी वेगळी झाडं आहेत की एकाच झाडाला दुकानदारांनी दिलेली नावं? तर म्हणाला मामा, दोन्ही. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाय.

आमच्या धंद्यात नाव म्हणजे जवळजवळ सगळंच. गिऱ्हाईक आज हापूसचं कलम नेतो, फळ बघणार चार-पाच वर्षांनी, तोपर्यंत त्याच्याकडे फक्त मी सांगितलेलं नाव असतं. आणि हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाय, रायवळ येतो, हे इथल्या शाळकरी पोराला पण ठाऊक आहे. म्हणून आपण फांदी घेतो, कोयीवर बांधतो, तेव्हा कुठे नाव पुढे जातं. मग गांजात काय करतात? बी पेरून आलेल्या झाडाला आईचंच नाव लावून विकतात का? तसं असेल तर ओढणाऱ्याला ते नाव बघून काय कळणार आणि लावणाऱ्याला तरी काय?

जाणकारांनी लिहा. चेष्टा नको, खरंच समजून घ्यायचं आहे.

---

ओंटारियोचा_रत्नागिरीकर

कलमबाग दादा, मी पण याच धंद्यात, तुमच्या भाच्याच्या कंपनीत नाही पण तशाच एका ठिकाणी. भाच्याचं 'दोन्ही' हे उत्तर बरोबर आहे, जरा फोड करून सांगतो.

गांजाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, परागकण वाऱ्याने जातात, त्यामुळे बियाण्यातून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं. तुम्ही 'ब्लू ड्रीम' लिहिलेलं बियाण्याचं पाकीट घेतलं तर आत सख्खी भावंडं असतात, एकच झाड नसतं. उंची वेगळी, फुलायला लागणारे आठवडे वेगळे, वास वेगळा. आम्ही लावणारे काय करतो, एका पाकिटातली किंवा एका क्रॉसची भरपूर रोपं वाढवतो, त्यातलं एक निवडतो, त्याला आमच्यात फेनो म्हणतात, आणि ते झाड मदर म्हणून कायम हिरवं ठेवतो, फुलू देत नाही. पुढचं सगळं पीक त्या मदरच्या कटिंगवर. म्हणजे तुमच्या भाषेत कलम, फक्त खुंटावर बांधायची गरज नाही, फांदीलाच मुळं फुटतात.

तर नावाला अर्थ आहे तो इथे. 'जीजी फोर' नावाची एक जात आहे, मला कुणी ते नाव सांगितलं तर मी विचारतो कटिंग की बी? कटिंग असेल आणि हातोहात नीट आलेलं असेल तर मला माहीत असतं झाड किती पसरणार, किती आठवडे घेणार, बुरशीला किती नाजूक आहे, कात्रीला किती चिकटणार. पगार त्यावर ठरतो हो आमचा. त्या नावातला चार हा निवडलेल्या रोपाचा नंबर, नाव देणाऱ्याने कुठलं रोप धरलं ते त्यात आहे. तेच जर कुणी बियाणं म्हणून त्या नावाने विकत असेल तर ते जीजी फोरचं पोर आहे, जीजी फोर नाही.

आणि नाव बदललं तरी झाड बदलत नाही. हे झाड आधी गोरिला ग्लू म्हणून चालायचं. डिंक बनवणाऱ्या गोरिला ग्लू कंपनीने दावा लावला, २०१७ मध्ये तडजोड झाली, तेव्हापासून जीजी. गर्ल स्काउट कुकीजचंही तसंच जीएससी झालं. आमच्या मदर रूममध्ये मात्र फक्त कोड लिहिलेला असतो, नाव मार्केटिंगवाले ठरवतात. मला विचाराल तर खरं नाव तो कोडच.

---

दरियावर्दी

रत्नागिरीकर भाऊ, छान लिहिलंत, पण ओढणाऱ्याच्या बाजूने पण कुणीतरी बोलायला हवं. मी मर्चंट नेव्हीत आयुष्य काढलं, बोटीवर असताना कधी शिवलो नाही, तिथे तपासणी असते आणि लायसन जातं. निवृत्तीनंतर मुलीकडे व्हँकूव्हरला असतो, गुडघ्यांची दुखणी, झोप नाही, तिथे कायदेशीर दुकानातून घेतो.

माझं म्हणणं नावाला अर्थ आहे. नॉर्दर्न लाइट्स घेतलं की मला झोप लागते, आणि हे एकदा नाही नेहमी झालंय. मला कोड नको, मदर नको. माणसाला लक्षात ठेवायला काहीतरी धरायला लागतं, दुकानात जाऊन मी काय 'मागच्या वेळी ते मातीसारख्या वासाचं होतं ते द्या' म्हणणार? नाव आहे म्हणून मी परत तेच मागू शकतो. सगळी नावं खोटी असं म्हणणाऱ्यांनी दुकानातल्या दहा बरण्या हुंगून बघाव्यात, वासात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नाव काढून टाकलंत तर माझ्यासारख्याने काय करायचं?

---

वाशिष्ठीकाठची

मी चिपळूणला बॉटनी शिकवते, त्यामुळे माझा संबंध फक्त वाचनापुरता, पण या विषयावर अभ्यास झालेत आणि ते दोघांच्याही म्हणण्याला धरून आहेत म्हणून लिहिते, जरा लांब होईल.

आधी मोठी विभागणी, सटायवा आणि इंडिका. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये या झाडाचं नाव कॅनाबिस सटायवा लिहिलं, लामार्कने १७८५ मध्ये भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका वेगळी काढली. हे वनस्पतीच्या शरीररचनेबद्दल होतं. आज दुकानात इंडिका म्हणजे झोप आणि सटायवा म्हणजे तरतरी असं जे सांगतात त्याचा लामार्कशी काही संबंध नाही. लामार्कची इंडिका तर आपल्याकडची उंच, बारीक पानांची झाडं, आणि दुकानातली इंडिका म्हणजे अफगाणिस्तानाकडची बुटकी, रुंद पानांची. म्हणजे मुळातच उलटापालट झालेली आहे.

२०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्लॉस वन या शोधपत्रिकेत डीएनएचा अभ्यास छापला, ८१ गांजाचे आणि ४३ हेंपचे (याच झाडाचा धाग्या-बियांसाठी लावतात तो प्रकार) नमुने. त्यात ३५ टक्के वेळा असं निघालं की नमुना आपल्याच नावाच्या दुसऱ्या नमुन्यापेक्षा वेगळ्या नावाच्या नमुन्याला जास्त जवळचा होता. जमैकन लॅम्ब्स ब्रेड म्हणून शंभर टक्के सटायवा सांगितलेला एक नमुना अफगाणिस्तानच्या शंभर टक्के इंडिकाशी जवळपास तंतोतंत जुळला. मग २०१९ मध्ये नॉर्दर्न कोलोरॅडो विद्यापीठातल्यांनी दुकानांतून ३० नावांचे १२२ नमुने घेतले, बहुतेक नावांत एखादा तरी परका निघालाच.

हे झालं डीएनए. रसायनांचं २०२२ मध्ये आलं, अमेरिकेतल्या सहा राज्यांतले जवळजवळ ९०,००० लॅब रिपोर्ट. इंडिका-सटायवा-हायब्रीड ही लेबलं आतल्या रसायनांशी नीट जुळतच नाहीत असं निघालं. पण, आणि हे दरियावर्दी काकांसाठी, काही नावं मात्र वेगवेगळ्या उत्पादकांकडेसुद्धा योगायोगाने जुळतील त्यापेक्षा जास्त सारखी निघाली. म्हणजे सगळी नावं पोकळ नाहीत, काही टिकून आहेत. माझ्या मते जी झाडं कटिंगनेच पुढे नेली गेली त्यांची नावं टिकली असणार.

काका, तुमच्या नाकाला पण आधार आहे बरं का. २०२१ च्या नेचर प्लँट्स या शोधपत्रिकेतल्या अभ्यासात इंडिका लेबल लावलेल्या मालात मायर्सीन जास्त सापडलं, मातकट वासाचं टर्पीन (टर्पीन म्हणजे झाडातलं वास देणारं द्रव्य). म्हणजे लोक आधी हुंगतात आणि मग वासावरून इंडिका म्हणतात, वंशावळ बघून नाही.

---

ओंटारियोचा_रत्नागिरीकर

वाशिष्ठीकाठची, +१, मायर्सीनचं अगदी खरं, आमच्याकडे ट्रिमिंगला बसलेली पोरं डोळे मिटून सांगतात कुठला लॉट आहे. एक भर घालतो, तो जो उग्र स्कंकचा वास असतो तो टर्पीनचा नाहीच, गंधकाची संयुगं असतात, अगदी कणभर. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. टर्पीनच्या रिपोर्टमध्ये ती येत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट सारखा आणि वास वेगळा असंही होतं.

आणि कटिंग एक असलं तरी माल एक येईलच असं नाही, हे पण सांगायला हवं. उजेड, खत, तापमान, सुकवण, सगळ्याचा परिणाम. घाईने सुकवलं की टर्पीन उडून जातात. जुनं झालं की टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य द्रव्य, हळूहळू सीबीएन नावाच्या दुसऱ्या द्रव्यात बदलतं. आणि गेली काही वर्षं एक व्हायरॉइड आहे, विषाणूसारखा पण त्याहून लहान, मुळात हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या झाडावरचा, हॉप लेटंट व्हायरॉइड, तो कात्रीवरून, कटिंगमधून पसरतो आणि झाडाला बाहेरून फारसं काही दिसतही नाही, फक्त फुलं बारीक, राळ कमी, वास मेलेला. आम्ही मदर फेकून दिल्यात यापायी. नाव तेच, डीएनए तोच, आणि माल निम्म्याने कमी. तेव्हा नाव म्हणजे फार तर सुरुवात.

---

कलमबाग

हे व्हायरॉइडचं वाचून पोटात गोळा आला. कलमाची ही दुसरी बाजू, चांगलं जातं तसं दुखणंही त्याच फांदीतून जातं. आम्ही मातृवृक्ष निवडताना म्हणून तर झाड वर्षानुवर्षं बघतो.

वाशिष्ठीकाठची ताई, एक शंका, एवढा घोळ गांजातच का? दापोलीच्या विद्यापीठाने १९८१ मध्ये रत्ना काढला, नीलम आणि हापूसचा संकर, तर आजही रत्ना म्हटलं की सगळ्यांना आईबाप ठाऊक, विद्यापीठात झाड उभं आहे, वाद झाला तर जाऊन बघा. इथे असं कुणीच का करत नाही?

---

वाशिष्ठीकाठची

कारण बंदी. जेव्हा जवळजवळ सगळं जग एखादं झाड बेकायदा ठरवतं तेव्हा नोंदवही ठेवणार कोण? सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात लोकांनी कोलंबिया, मेक्सिको, अफगाणिस्तानातलं बियाणं एकत्र करून स्कंक नंबर वन केलं, ते ऐंशीच्या दशकात हॉलंडला गेलं, तिथून सगळीकडे, आणि सगळं तोंडी. लिहून ठेवलं तर पुरावा व्हायचा. चेमडॉग या जातीची मूळ बी १९९१ मध्ये एका संगीत मैफिलीत विकत घेतलेल्या पुडीत सापडली असं सांगतात, आणि आजच्या निम्म्या प्रसिद्ध नावांची वंशावळ तिथे जाऊन थांबते! अमेरिकेत अजूनही केंद्राच्या कायद्याने बंदी असल्यामुळे गांजाच्या मालाला ट्रेडमार्कही मिळत नाही. मग कुणी कुणाला अडवायचं. कॅनडात आता पैदासकाराचे हक्क नोंदवता येतात, तिथे काहीतरी शिस्त येईल अशी आशा आहे.

आपल्याकडचं सांगायचं तर ब्रिटिशांच्या १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालच्या गांजाचे प्रकार दिलेत ते चपटा, गोल आणि चूर. सगळे तयार करण्याच्या पद्धतीवरून! तेव्हाच्या अबकारी खात्याला मालाचा भाव आणि कर ठरवायचा होता, त्याला ते पुरलं.

---

सावंतवाडी_कोर्ट

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. त्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ, बस. जात कुठली, नाव काय, याला काडीचंही महत्त्व नाही. बघितलं जातं वजन. गांजा एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, चरसला अनुक्रमे १०० ग्रॅम आणि एक किलो. अल्प प्रमाणातही कैद होऊ शकते, हे पोरांनी लक्षात ठेवावं.

हल्ली मुंबई विमानतळावर कस्टम्सवाले बँकॉकहून आलेला हायड्रोपोनिक (मातीशिवाय वाढवलेला) गांजा सारखा पकडतात. थायलंडने जून २०२२ मध्ये बंदी उठवली आणि जून २०२५ मध्ये परत प्रिस्क्रिप्शनची अट घातली. पाकिटावर कितीही झगमगीत नाव असू दे, पंचनाम्यात ते 'हिरवट रंगाचा उग्र वासाचा पदार्थ' म्हणूनच येतं. 'हायड्रो आहे, अमुक नावाचा आहे' म्हणून जास्त पैसे मोजणारी मुलं मी बघितलीत, त्या नावामागे ना लॅब असते ना उत्पादक. बंदीच्या बाजारातलं नाव हे फक्त भाव वाढवायला असतं.

---

मेढ्यातली_आजी

माका एक सांगा, ह्या नावांत केक, कुकी, आइस्क्रीम ह्या कित्याक? बारक्या पोरांच्या हातात पडला तर तेंका काय कळतला ता खाऊ नाय म्हणून? तुमी म्हणतास नावाक अर्थ नाय, माका वाटता नावाक लय अर्थ आसा, पोरांक ओढूक नावच पुरता. माझो नातू तिकडे अमेरिकेत आसा, म्हणान विचारतंय.

---

ओंटारियोचा_रत्नागिरीकर

आजी, अगदी मुद्द्याचं बोललात आणि हा मुद्दा आमच्यापैकी कुणीच काढला नव्हता. कॅनडात मुलांना आकर्षक वाटेल असं पॅकिंग कायद्याने बंद आहे, पाकीट साधं, पिवळा इशारा मोठा, पोरांना उघडणार नाही असं झाकण. अमेरिकेत राज्याराज्यात वेगळं. स्किटल्स गोळ्या बनवणाऱ्या रिग्ली कंपनीने २०२१ मध्ये त्यांच्या गोळ्यांसारखी नावं आणि पाकिटं वापरणाऱ्या गांजावाल्यांवर खटले भरले, त्यात त्यांनी हाच मुद्दा मांडला होता. नातवाच्या घरी असलं काही असेल तर कुलुपात ठेवायला सांगा, खायच्या गोळ्या तर नक्कीच.

---

दरियावर्दी

सगळं वाचलं. ताईंनी माझ्या नाकाची बाजू घेतली त्याबद्दल आभार. पण मी अजूनही म्हणतो की ओढणाऱ्याला नाव लागतं. आता प्रश्न एवढाच की ते कुणी दिलेलं नाव.

एक विचारायचं होतं, व्हाइट विडोमध्ये आपल्या केरळचं रक्त आहे म्हणतात ते खरं का? आणि इडुक्की गोल्ड, मलाना क्रीम ही आपल्याकडची नावं पण अशीच घोळाची का?

---

वाशिष्ठीकाठची

व्हाइट विडो हॉलंडमध्ये नव्वदच्या दशकात पुढे आलं, ब्राझीलची एक जात आणि दक्षिण भारतातली एक असं त्याचं कुळ सांगितलं जातं. सांगितलं जातं, एवढंच.

मलाना आणि इडुक्की या नावांची गोष्ट वेगळी आहे, ती जागांची नावं आहेत, इडुक्की म्हणजे केरळचा जिल्हा. मलाना हे कुलूच्या पार्वती खोऱ्यातलं गाव, तिथे हिरव्या फुलोऱ्यावर हात चोळून चरस काढतात. म्हणजे त्या नावात झाड, उंची, थंडी आणि हाताची पद्धत हे सगळं आलं. एका झाडाचं कटिंग नाही, एका जागेचं पूर्ण पीक. पिढ्यानपिढ्या एकाच खोऱ्यात बी धरत गेलं की ते त्या जागेचं होतं, त्याला लँडरेस म्हणतात. माझ्या लेखी हे नाव सगळ्यात खरं, आणि सगळ्यात आधी धोक्यात पण तेच, कारण बाहेरचं संकरित बी खोऱ्यात आलं की वाऱ्याने सगळं मिसळतं, परत वेगळं करता येत नाही. मला याचं खूप वाईट वाटतं. गांजा ओढावा की नाही हा भाग सोडा, शेकडो वर्षांचं वाण जातंय. आणि जागेचं नाव पळवणं तर अजूनच सोपं. इडुक्कीच्या डोंगरातली शेती पोलिसांनी कारवाया करून मोडली, तरी 'इडुक्की गोल्ड' हे नाव बाजारात चालूच आहे, माल कुठलाही असो.

---

कलमबाग

हे तर आपलंच दुखणं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी एप्रिलात वाशीला जाऊन बघा, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत. देवगडात आता फळावर कोडचं स्टिकर लावायला लागलेत ते याच्यासाठीच.

या सगळ्यातून मला माझं उत्तर मिळालं. लावणाऱ्याला नाव लागतंच, पण त्या नावामागे कुठलं झाड आहे ते दाखवता आलं पाहिजे. ओढणाऱ्याने नाव बघावं, पण तेवढ्यावर पैसे देऊ नयेत. भाच्याला पण हेच कळवलं, तो म्हणाला मामा तुम्ही आता इकडे नोकरीला या.

माझ्या कामात एक बदल नक्की करणार. आमच्याकडे मातृवृक्षांना नंबर आहेत पण ते वहीत असतात, कलमाच्या चिठ्ठीवर फक्त जात लिहितो. येत्या पावसाळ्यापासून काजूचे वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७, आंब्याचा हापूस, सगळ्यांच्या चिठ्ठीवर झाडाचा नंबर पण जाणार.

रत्नागिरीकर, दरियावर्दी काकांनी दुकानात नेमकं काय बघावं तेवढं सांगा, म्हणजे धागा त्यांच्याही उपयोगाचा होईल.

---

ओंटारियोचा_रत्नागिरीकर

काका, नावाच्या आधी उत्पादक कोण ते बघा. त्याच उत्पादकाचं तेच नाव असेल तर बहुतेक तीच मदर असते, दुसऱ्या उत्पादकाचं तेच नाव म्हणजे नवीन माल समजा आणि थोडंच घ्या. मग पॅकिंगची तारीख. मग टर्पीन, लिहिलेली असतील तर वरची दोन-तीन. टीएचसीच्या मोठ्या आकड्यामागे जाऊ नका, कोलोरॅडोत दुकानातला माल परत तपासला तेव्हा बहुतेक पाकिटांत लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा कमी निघालं होतं, आणि आकडा मोठा म्हणजे झोप चांगली असंही काही नाही. गुडघ्यासाठी, झोपेसाठी चालू असलेल्या इतर गोळ्या असतील तर डॉक्टरांच्या कानावर हे घाला, तिकडे त्यात लाजण्यासारखं काही नाही.

---

दरियावर्दी

काल दुकानात गेलो होतो. नॉर्दर्न लाइट्स दोन कंपन्यांचं होतं. मी नेहमी घेतो त्याच्यावर मायर्सीन सगळ्यात वर, दुसऱ्यावर लिमोनीन वर आणि मायर्सीन तिसऱ्या नंबरला. काउंटरवरच्या मुलीने हुंगायची बरणी दिली, दुसऱ्याचा वास सरळ लिंबाच्या सालीचा, माझ्याशी काहीच जुळेना. किंमत तीच, नाव तेच. मी माझंच घेतलं, आणि कंपनीचं नाव आणि लॉट नंबर डायरीत उतरवून ठेवला. डॉक्टरांची वेळ मंगळवारची आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्याबद्दल विचारतो.

---